एका सदोष आरशाचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह ह्यांचीच आठवण आपणांस प्रथम होते. शाळेंत तोच इतिहास आपण शिकलों व मुलांसहि तोच शिकवितों. परंतु एखाद्या वस्तूचा इतिहासहि एखाद्या राज्याच्या इतिहासाइतका मनोवेधक असूं शकतो. त्यांतहि उत्कर्ष असतो, मानहानि असते आणि क्वचित् पुनरुद्धारहि असतो. आज आम्ही वाचकांपुढें ज्या वस्तूचा इतिहास मांडणार आहों ती एक जवळजवळ आठ फूट रुंदीची कांच आहे. पृथ्वीपासून सुमारें ६०० किलोमीटर उंचीवर सोडलेल्या हबल दुर्बिणीचा हा मुख्य आरसा. त्या दुर्बिणीनें टिपलेलीं चित्रें दिनदर्शिकांवर व मुलांच्या पुस्तकांतहि छापून आलीं आहेत, त्यामुळें तिचें नांव घरोघर ठाऊक आहे. परंतु ती आकाशांत गेली तेव्हां तिला अर्धवटच दिसत होतें, आणि तिच्या ह्या दृष्टिदोषाची सूचना नऊ वर्षें आधींच कारखान्यांतील कागदांवर उमटलेली होती, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ज्यांस ठाऊक असते तेहि ‘यंत्राची चूक’ एवढें म्हणून थांबतात. आमच्या मतें ती चूक यंत्रापेक्षां माणसांच्या एका जुन्या संवयीची अधिक होती. ती कशी झाली, तिची भरपाई कोणीं केली, आणि पुढें त्याच सदोष आरशाकडून केवढें काम झालें, हें सविस्तर सांगण्याजोगें आहे.

दुर्बीण हवेच्या वर नेण्याची यातायात कशासाठीं, असा प्रश्न मनांत येणें स्वाभाविक आहे. तारे लुकलुकतात ह्याचें कवींना कौतुक वाटत आलें आहे. ज्योतिर्विदांना मात्र तें लुकलुकणें जन्माचें दुःख होय. ताऱ्याचा प्रकाश शेंकडों, हजारों वर्षें सरळ चालत येतो आणि शेवटच्या कांहीं मैलांत, हवेच्या उष्ण-शीत थरांतून उतरतांना, त्याचा थरकांप होतो. १९४८ सालीं कॅलिफोर्नियांतील पालोमार पर्वतावर दोनशें इंची आरशाची दुर्बीण उभी राहिली, तेव्हां ती जगांतील सर्वांत मोठी होती. अंधुक तारे दाखविण्यांत तिची बरोबरी करणारी दुसरी नव्हती. पण बारकावे दाखविण्याच्या बाबतींत हवेच्या ह्या चाळ्यांमुळें तिलाहि एखाद्या पांच-सहा इंची दुर्बिणीच्या फारसें पुढें जातां येत नसे. शिवाय कांहीं प्रकाश हवा मुळींच खालीं येऊं देत नाहीं. जंबुपार किरणांचा बहुतेक भाग आणि क्ष-किरण हे वरच्यावर शोषले जातात. आपल्या प्राणांस तें हितकारकच. पण खगोलशास्त्राच्या दृष्टीनें तो आकाशावर पडलेला पडदा होय.

हा पडदा ओलांडून वर जावें ही कल्पना पुष्कळ जुनी आहे. हेर्मान ओबेर्थ ह्यांनीं १९२३ सालीं अग्निबाणांवर जो जर्मन ग्रंथ लिहिला त्यांत तिचा उल्लेख आहे. पण तिचा पद्धतशीर विचार केला तो लायमन स्पिट्झर ह्या अमेरिकन ज्योतिर्विदानें, १९४६ सालीं. महायुद्ध संपून वर्ष झालें होतें. मनुष्यनिर्मित पहिला उपग्रह आकाशांत जाण्यास अजून अकरा वर्षांचा अवधि होता. अशा वेळीं बत्तीस वर्षांच्या ह्या गृहस्थांनीं एका योजनेसाठीं अहवाल लिहून पृथ्वीबाहेरील वेधशाळेचे फायदे सांगितले. ठाऊक असलेल्या कल्पनांस पुष्टि देणें हें तिचें मुख्य कार्य नसून, आज मनांतहि न आलेल्या गोष्टी उघडकीस आणणें हें असेल, असें त्यांनीं त्यांत सुचविलें आहे. पुढें काय काय घडलें हें ठाऊक असलेल्या वाचकास ह्या मुद्द्याचें विशेष अगत्य वाटेल, म्हणून तो येथें मुद्दाम दिला.

मधल्या तीस वर्षांचा वृत्तांत आम्ही थोडक्यांत उरकतों. अमेरिकेची अंतराळसंस्था नासा हिनें १९६६ सालीं पहिली वेधशाळा वर पाठविली, ती विजेच्या बिघाडानें थोड्याच दिवसांत निकामी झाली. १९६८ सालची दुसरी यशस्वी झाली. आणि १९७२ सालीं गेलेल्या कोपर्निकस नांवाच्या वेधशाळेवर खुद्द स्पिट्झर ह्यांच्या मंडळींची दुर्बीण होती. मोठ्या दुर्बिणीच्या योजनेस नासांतील खगोलविभागाच्या प्रमुख नॅन्सी ग्रेस रोमन ह्यांनीं आकार दिला. १९७४ सालीं अमेरिकन कायदेमंडळानें तिचा पैसा कापला, तेव्हां स्पिट्झर व जॉन बाकॉल ह्या दोघांनीं सभासदांच्या दारोदार हिंडून तो परत मिळविला. १९७७ सालीं मंजुरी आली. पण तीन मीटरचा आरसा २.४ मीटरवर आला आणि खर्चाचा कांहीं भार युरोपीय राष्ट्रांच्या अंतराळसंस्थेनें उचलला. त्याबद्दल निरीक्षणाच्या वेळेपैकीं शेंकडा १५ इतका वेळ त्यांस मिळावा असें ठरलें. असो.

आतां आरशाकडे वळूं. तो घांसण्याचें काम कनेक्टिकट संस्थानांतील डॅनबरी येथें पर्किन-एल्मर कंपनीनें १९७९ सालीं सुरू केलें. हा आरसा साध्या गोलाच्या तुकड्यासारखा नव्हता. मध्यापासून कडेकडे त्याची वक्रता अगदीं हलक्या प्रमाणांत बदलत जाणें अवश्य होतें, कारण तसें झालें तरच कडेचे व मध्याचे किरण एके ठिकाणीं मिळतात. असा आकार डोळ्यांनीं पारखतां येत नाहीं. म्हणून कंपनीनें एक तपासणीयंत्र तयार केलें. त्यांत दोन लहान आरसे आणि एक भिंग होतें. त्यांतून पाठविलेला प्रकाश मोठ्या आरशावरून परत आला म्हणजे काळे-पांढरे पट्टे दिसत. मोठा आरसा हवा तसा असला तर ते पट्टे सरळ, नसला तर वांकडे. पट्टे सरळ होईपर्यंत कांच घांसावयाची, एवढाच नियम. म्हणजे आरशाच्या खरेपणाचा सर्व भार त्या यंत्राच्या खरेपणावर येऊन पडला होता.

आणि तें यंत्रच खोटें होतें. त्यांतील भिंग नेमक्या अंतरावर बसविण्यासाठीं इन्व्हार ह्या, उष्णतेनें जवळजवळ न वाढणाऱ्या, धातूचा एक मापदंड केला होता. दंडाच्या टोंकावर एक टोपण होतें. टोपणाला बारीक छिद्र. छिद्रांतून लेसर प्रकाशाचा किरण दंडाच्या टोंकावर पडून परत यावा व त्यावरून अंतर कळावें, अशी योजना. किरण भलतीकडून परत येऊं नये म्हणून टोपणाला काळा रंग दिलेला होता. त्या रंगाचा एक टवका छिद्राजवळ उडालेला होता. किरण दंडाऐवजीं त्या उघड्या पडलेल्या ठिकाणावरून परतला आणि मोजणाऱ्यांनीं टोपणाचा माथा हेंच दंडाचें टोंक धरलें. फरक पडला १.३ मिलिमीटरचा. इतक्या फरकानें भिंग सरकविण्यास यंत्राचा स्क्रू पुरेना, तेव्हां खालीं साध्या चकत्या घालून तें हव्या त्या जागीं आणण्यांत आलें. ज्या यंत्रानें मिलिमीटरच्या लक्षांशाचा हिशेब करावयाचा, त्यांत बाजारांत मिळणाऱ्या चकत्या घालण्याची वेळ कां यावी, हा प्रश्न त्या दिवशीं कोणीं मोठ्यानें विचारला असता तर हा लेख लिहिण्याचें आम्हांस कारण पडलें नसतें.

तथापि येथवरचा प्रकार अपघाताचा म्हणतां येईल. हात कोणाचाहि चुकतो. पुढचा प्रकार निराळा आहे. कारखान्यांत तपासणीचीं आणखी दोन साधनें होतीं. एक दोन भिंगांचें जुन्या धर्तीचें यंत्र. दुसरें, खुद्द नव्या यंत्राची पारख करणारें. ह्या दोन्ही साधनांनीं दोष दाखविला. पहिल्यानें आरसा चुकतो आहे असें सांगितलें, दुसऱ्यानें यंत्र चुकतें आहे असें सांगितलें. दोघांच्या साक्षी एकमेकींस पुष्टि देणाऱ्या होत्या. परंतु नवें यंत्र अधिक सूक्ष्म, म्हणून तेंच खरें, असें धरून ह्या साक्षी बाद करण्यांत आल्या.

हा तर्क वरवर पाहतां बरोबर दिसतो, आणि म्हणूनच तो घातक ठरला. सोनाराचा कांटा गुंजेचा फरक दाखवितो आणि भुसाऱ्याचा तराजू दाखवीत नाहीं, हें खरें. पण त्याच भुसाऱ्याच्या तराजूवर पावशेराची तूट आली, तर ‘माझा कांटा नाजूक आहे’ म्हणून सोनारानें निश्चिंत बसावें काय? मोठी चूक पकडण्यास नाजूक कांटा लागत नाहीं. हा दोष तसाच ढोबळ होता. फूकोनें एकोणिसाव्या शतकांत काढलेली पात्याच्या धारेची जी साधी कसोटी घरच्या घरीं आरसे घांसणारे हौशी लोकहि वापरतात, तिच्यांतहि तो दिसला असता. कामास उशीर झालेला होता, खर्च अंदाजाबाहेर गेला होता, आणि कामाच्या खोलींत बाहेरच्या जाणत्याचें पाऊल पडत नव्हतें. सर्व दुर्बीण जुळवून तिची एकत्र परीक्षा करण्याचा बेत खर्चास्तव सोडून दिलेला होता. ह्याच कामासाठीं कोडॅक व आयटेक ह्या दोन कंपन्यांनीं मिळून मागणी केली होती, आणि एकीनें दुसरीचें काम तपासावें अशी तींत तजवीज होती. पण त्यांस काम मिळालें नाहीं. कोडॅकनें तयार केलेला राखीव आरसा मात्र निर्दोष निघाला आणि तो पृथ्वीवरच राहिला. डॅनबरीच्या आरशावर १९८१ सालच्या डिसेंबरांत ॲल्युमिनियमचा मुलामा चढला, आणि चूक पक्की झाली.

त्यानंतर तो आरसा आठ वर्षांहून अधिक काळ पृथ्वीवर होता. १९८६ सालीं दुर्बीण उडवावयाची होती. त्याच वर्षीं २८ जानेवारीस चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह जळालें आणि सर्व उड्डाणें थांबलीं. अखेर २४ एप्रिल १९९० रोजीं डिस्कव्हरी यानानें दुर्बीण वर नेली. २० मे रोजीं पहिलें चित्र आलें. लोकांनीं टाळ्या वाजविल्या. पण जाणत्यांपैकीं कांहींच्या मनांत शंका आली. तारा बिंदूसारखा दिसावा तो सभोंवतीं धूसर प्रभा घेऊन दिसत होता. ठिकठिकाणीं नाभि सरकवून पाहिली, तरी प्रभा जाईना. २७ जून रोजीं नासानें जाहीर केलें कीं मुख्य आरशांत गोलीय विपथनाचा दोष आहे. म्हणजे कडेचे किरण एकीकडे आणि मध्याचे दुसरीकडे मिळतात. कडेची कांच सुमारें दोन सहस्रांश मिलिमीटर, म्हणजे केंसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी, अधिक घांसली गेली होती. ताऱ्याचा शेंकडा ७० प्रकाश मध्यबिंदूंत यावयाचा, तो १५ च्या आसपास येत होता.

दीडशें कोटी डॉलर खर्चून पाठविलेल्या दुर्बिणीला चष्मा लागतो, ही गोष्ट व्यंगचित्रकारांना आयती मिळाली. विनोद झाले, कायदेमंडळांत कडक भाषणें झालीं. ज्यांनीं ह्या दुर्बिणीच्या भरंवशावर आपल्या उमेदीचीं पंधरा-वीस वर्षें खर्चिलीं होतीं त्या संशोधकांची अवस्था काय झाली असेल ह्याची वाचकांनीं कल्पना करावी. दुर्बीण अगदींच निरुपयोगी झाली होती असें मात्र नव्हे. तेजस्वी वस्तूंचीं चित्रें गणिताच्या साह्यानें स्वच्छ करतां येत होतीं, आणि त्या तीन वर्षांतहि कांहीं चांगलें संशोधन झालें. पण जें काम अन्य कोणत्याहि दुर्बिणीकडून होण्यासारखें नव्हतें, म्हणजे अतिदूरच्या व अतिअंधुक पदार्थांचें, तें अडून बसलें.

चौकशीसाठीं ल्यू ॲलन ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिला एक अनपेक्षित साहाय्य मिळालें: डॅनबरीस तें तपासणीयंत्र नऊ वर्षांपूर्वीं जसें होतें तसेंच जपून ठेविलेलें होतें. भिंगाचें अंतर पुन्हां मोजण्यांत आलें आणि तो १.३ मिलिमीटरचा फरक सांपडला. जुने कागद काढले तेव्हां दुसऱ्या दोन साधनांनीं दाखविलेले वांकडे पट्टेहि सांपडले. समितीचा अहवाल त्याच वर्षीं नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाला. त्यांत कारागिरांवर दोष टाकून वरिष्ठांनीं मोकळें व्हावें अशी सोय ठेविलेली नाहीं, ही त्या समितीची आम्हांस प्रशंसनीय वाटणारी गोष्ट. कंपनीचा कारभार व नासाची देखरेख, दोहोंवर तिनें बोट ठेविलें.

येथें एक चमत्कारिक योग दिसतो. आरसा चुकीच्या आकाराचा होता, पण त्या चुकीच्या आकारांत तो अप्रतिम घांसलेला होता. ओबडधोबड चूक सुधारतां येत नाहीं. ही चूक इतकी नेटकी होती कीं ती गणितांत मांडतां येत होती, आणि जी मांडतां येते तिची उलट चूकहि करतां येते. कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत दुर्बिणीसाठीं दुसरा कॅमेरा आधींपासूनच तयार होत होता. त्याच्या पोटांतील लहान आरशांना मोठ्या आरशाच्या नेमका उलट दोष दिला, कीं दोन दोष मिळून चित्र निर्दोष व्हावें, असें ठरलें. पण दुर्बिणींत आणखीहि उपकरणें होतीं, तीं नव्यानें करण्यास वेळ नव्हता. त्यांच्या पुढें आरसे आणून धरावयाचे कसे? ह्याचें उत्तर जेम्स क्रॉकर ह्या अभियंत्यास म्युनिक शहराजवळील बैठकीसाठीं गेले असतां हॉटेलच्या न्हाणीघरांत सुचलें. तेथील पाण्याची झारी एका उभ्या दांड्यावर सरकत होती व हवी तशी वळवितां येत होती. तशाच दांड्यांवर नाण्याएवढे आरसे बसवून ते उपकरणांपुढें उघडावे, अशी ती युक्ति. कॉस्टार नांवाची ही पेटी बॉल एरोस्पेस कंपनीनें केली. तिच्या आरशांचें गणित मर्क बोटेमा ह्यांचें. त्या आरशांतून आलेलें चित्र पाहण्यास ते जगले नाहींत.

कॉस्टार ठेवण्यास दुर्बिणींत जागा नव्हती. एक उपकरण काढावें लागणार होतें. निवड झाली ती विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शीघ्र प्रकाशमापकाची. त्याचे प्रमुख रॉबर्ट ब्लेस व त्यांचे सहकारी ह्यांनीं एका तपाहून अधिक काळ त्यावर घालविला होता, आणि उपकरणांत कसलाहि दोष नव्हता. दुसऱ्याच्या चुकीची किंमत त्यांनीं दिली. हबलच्या यशाच्या कथा सांगतांना हें नांव बहुधा गाळलें जातें. आम्हांस तें गाळवत नाहीं.

२ डिसेंबर १९९३ रोजीं एन्डेव्हर यान दुरुस्तीसाठीं निघालें. पांच दिवस, रोज दोघे याप्रमाणें, अंतराळवीर यानाबाहेर पडून काम करीत होते. पहिल्याच दिवशीं दुर्बिणीचें एक दार लागेना. स्टोरी मस्ग्रेव्ह व जेफ्री हॉफमन ह्यांनीं पट्टा आंवळून तें ओढून बसविलें. घरचें जुनें कपाट ज्यांनीं कधीं बंद केलें आहे त्यांस ह्या प्रसंगाची कल्पना सहज येईल. फरक इतकाच कीं येथें खालीं सहाशें किलोमीटर पोकळी होती. सूर्यप्रकाशावर वीज करणारें एक पंख वांकडें होऊन गुंडाळेना, तें कॅथरिन थॉर्न्टन ह्यांनीं हातानें अंतराळांत सोडून दिलें. तिसऱ्या दिवशीं कॅमेरा बसला. चौथ्या दिवशीं थॉर्न्टन व थॉमस एकर्स ह्यांनीं प्रकाशमापक बाहेर काढून त्या जागीं कॉस्टार सरकविलें. १८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर बाल्टिमोर येथील संस्थेंत पहिलें चित्र पडद्यावर उमटलें. तारा बिंदूसारखा होता. १९९४ सालच्या जानेवारींत एम-१०० ह्या दीर्घिकेचीं दोन चित्रें, एक दुरुस्तीपूर्वींचें व एक नंतरचें, शेजारीं शेजारीं प्रसिद्ध झालीं.

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधि ताऱ्यांचा स्वतंत्र समूह. एम-१०० ही चित्र सुरेख येतें एवढ्यासाठींच निवडलेली नव्हती. विश्वांतील अंतरें मोजण्याचा पाया सेफीड नांवाचे ताऱ्यांचे एक कुळ आहे. हे तारे ठराविक काळानें मंद व तेजस्वी होतात, आणि हा काळ जितका मोठा तितकी ताऱ्याची खरी तेजस्विता अधिक, हें हेन्रिएटा लेव्हिट ह्या विदुषीनें १९१२ सालीं दाखविलें. खरी तेजस्विता कळली कीं दिसणाऱ्या तेजावरून अंतर निघतें. ह्याच युक्तीनें एडविन हबल ह्यांनीं १९२३ सालापासून देवयानीचा तेजोमेघ ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचें सिद्ध केलें. पुढें १९२९ सालीं दीर्घिका जितकी दूर तितकी ती वेगानें दूर जाते हेंहि दाखविलें. त्या वेगाचें प्रमाण कळलें तर विश्वाचें वय काढतां येतें. पण त्या आंकड्याबाबत दोन पक्ष पडले होते: एक ५० च्या आसपास सांगे, दुसरा १०० च्या. एकमेकांच्या निम्म्या-दुपटीचे हे आंकडे घेऊन दोन्ही पक्ष पिढीभर भांडत होते, कारण पुरेशा दूरच्या दीर्घिकेंतील सेफीड तारे जमिनीवरून सुटे दिसत नसत.

दुरुस्त दुर्बिणीनें एम-१०० मधील वीस सेफीड शोधून काढले. वेंडी फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं तिचें अंतर सुमारें ५ कोटी ६० लाख प्रकाशवर्षें ठरविलें, आणि त्यावरून प्रमाणाचा आंकडा ८० च्या आसपास आला. त्यानें एक नवेंच कोडें उभें केलें: ह्या हिशेबानें विश्वाचें वय त्यांतील सर्वांत जुन्या ताऱ्यांच्या वयाहून कमी निघूं लागलें. नातू आजोबांहून थोरला! ही विसंगति पुढें दुसऱ्याच वाटेनें सुटली. १९९८ सालीं दोन संशोधकगटांनीं दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून विश्वाचें प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगानें चाललें आहे असें दाखविलें; ह्या कामांत जमिनीवरील मोठ्या दुर्बिणींबरोबर हबलचाहि वाटा होता, आणि २०११ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. प्रसरण पूर्वीं हळू व आतां वेगानें होत असेल तर वय वाढतें, व तारे विश्वाहून जुने रहात नाहींत. २००१ सालीं फ्रीडमन ह्यांच्या मंडळींनीं आपला अखेरचा आंकडा दिला: दर ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांस सेकंदाला ७२ किलोमीटर, आठ इकडे किंवा तिकडे. पन्नास-शंभरचें जुनें भांडण तेथें मिटलें. प्रसरणाला वेग देणारी शक्ति कोणती, हा प्रश्न मात्र नवा उभा राहिला. असले अकल्पित प्रश्नच ह्या दुर्बिणीकडून यावे, ही तर स्पिट्झर ह्यांची १९४६ सालची अपेक्षा.

दुसरी हकीकत आम्हांस ह्याहून अधिक प्रिय आहे. निरीक्षणाच्या वेळेपैकीं थोडा भाग बाल्टिमोरच्या संस्थेच्या संचालकांनीं स्वेच्छेनें वापरावा अशी तेथें व्यवस्था होती. १९९५ सालीं संचालक होते रॉबर्ट विल्यम्स. त्यांनीं ठरविलें कीं सप्तर्षींच्या तारकासमूहांतील एका अगदीं रिकाम्या दिसणाऱ्या ठिपक्याकडे दुर्बीण सलग दहा दिवस रोखावयाची. ठिपका केवढा, तर सर्व आकाशाच्या दोन कोटी चाळीस लाखांश. विरोध झाला, आणि तो अडाण्यांचा नव्हता. ज्या बाकॉल ह्यांनीं दुर्बिणीसाठीं कायदेमंडळाचे उंबरठे झिजविले होते, त्यांनीं दोन सहकाऱ्यांसह १९९० सालीं गणितानें असें अनुमान काढलें होतें कीं अशा दीर्घ निरीक्षणांत जमिनीवरून दिसतात त्यांहून फारशा नव्या दीर्घिका दिसणार नाहींत. शिवाय दुर्बिणीची फजिती लोकांच्या स्मरणांत ताजी होती. दहा दिवस पाहून कांहींच दिसलें नाहीं तर पुन्हां हंसें व्हावयाचें. विल्यम्स ह्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि दुर्बीण वळविली. १८ ते २८ डिसेंबर ह्या काळांत ३४२ वेळां प्रकाश टिपून एक चित्र झालें. त्या रिकाम्या ठिपक्यांत सुमारें तीन हजार दीर्घिका निघाल्या. कित्येकींचा प्रकाश विश्वाच्या बाल्यांत निघालेला. आकार वेडेवांकडे, लहान, एकमेकींवर आदळणारे. मोठ्या दीर्घिका लहानांच्या मीलनांतून बनत आल्या असाव्या, ह्या मतास तेथें डोळ्यांनीं दिसणारा आधार मिळाला. निरीक्षकानें आपलीं निरीक्षणें वर्षभर स्वतःपाशीं ठेवावीं असा रिवाज असतां विल्यम्स ह्यांनीं हीं लगेच सर्वांस खुलीं केलीं. बाकॉल ह्यांचें गणित चुकलेलें नव्हतें. त्या काळच्या दीर्घिका आजच्यासारख्याच असतील हें त्यामागचें गृहीत तेवढें चुकलें होतें.

तीच रीत पुढें आकाशाच्या दुसऱ्या एका ठिपक्यावर अधिक काळ वापरण्यांत आली, आणि त्याच ठिपक्यापाशीं ह्या इतिहासाचा एक धागा पुण्यास येऊन पोंचतो. भारताची ॲस्ट्रोसॅट ही वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेली. तीवर जंबुपार किरणांची जी दुर्बीण आहे तिचा आरसा अवघा साडेसदतीस सेंटिमीटरचा. हबलपुढें तो म्हणजे ताटापुढें वाटी. नारळीकरांनीं १९८८ सालीं पुण्यास स्थापिलेल्या आयुका संस्थेंतील कनक साहा ह्यांनीं व त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनीं २०१६ सालच्या ऑक्टोबरांत ही दुर्बीण हबलच्या त्या ठिपक्याकडे अठ्ठावीस तास रोखली. तेथील एका दीर्घिकेकडून ९३० कोटी वर्षांपूर्वीं निघालेला अतितीव्र जंबुपार प्रकाश त्यांस मिळाला. हबलला तो दिसला नव्हता, कारण तिच्या उपकरणांतील स्वतःचा गलबला ह्या कामी अधिक होता; लहान दुर्बीण येथें अधिक निवांत होती. हा प्रकाश खरोखर त्या दीर्घिकेचा, कीं शेजारच्या कोणाचा, कीं उपकरणाचाच भास, ह्याची शहानिशा करण्यांत त्या मंडळींनीं जवळजवळ दोन वर्षें घालविलीं. २०२० सालच्या ऑगस्टांत तो निबंध प्रसिद्ध झाला.

आरशाची कथा थोडी राहिली आहे. १९९३ नंतर अंतराळवीर १९९७, १९९९, २००२ व २००९ असे आणखी चार वेळां दुर्बिणीपाशीं गेले आणि प्रत्येक खेपेस जुनीं उपकरणें काढून नवीं बसवीत आले. नव्या प्रत्येक उपकरणांत मोठ्या आरशाचा उलट दोष आधींच घालून दिलेला असे. त्यामुळें २००९ सालापर्यंत कॉस्टारला कामच उरलें नाहीं, व तें काढून खालीं आणण्यांत आलें. वॉशिंग्टन येथील विमान-अंतराळ संग्रहालयानें तें आपल्या संग्रहांत घेतलें. कोडॅकनें घांसलेला तो निर्दोष राखीव आरसाहि त्याच संग्रहालयाकडे आहे. त्यावर मुलामा चढविलेला नसल्यानें त्याच्या पाठीमागचें जाळीदार कांचकाम पाहणाऱ्यांस दिसतें. डॅनबरीचा आरसा मात्र कोणीं बदलला नाहीं. दुरुस्तीच्या पांचहि खेपांत त्याला कोणाचा हात लागला नाहीं, आणि त्याची कड अजून तेवढीच दोन सहस्रांश मिलिमीटर चुकलेली आहे.